नालीच्या टोकाला पाणकणसं

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्वदीर्घाचा तर मला कधी नेम लागलाच नाही. वलगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्यातही शेवटचं वर्ष निम्मं धाकट्या भावाला कडेवर घेण्यात गेलं. तेव्हा हे पान कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात, आणि मास्तरांची बायको असून असं लिहिते म्हणून यांना हसू नये. यांनी शिकवायचं म्हटलं होतं. मलाच पुढ्यात बसायची लाज वाटली.

लिहायला बसले त्याचं कारण अगदीच लहान आहे. काल अंगणात खाटेवर धोतर पसरून कुरडया घातल्या होत्या. दुपारी वडाळीच्या तलावाकडून वारा सुटला आणि त्याच्याबरोबर पांढरे धागे आले. आधी वाटलं, जिनातला कापूस असेल. आमच्या अमरावतीला या दिवसांत तो कुठेही उडत असतो. पण बोटावर घेतला तर त्याला वजनच नाही. धुरासारखा. पाणकणसाचा होता. ओल्या कुरडयांवर तो ठिकठिकाणी चिकटून बसला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काढा हो तो, तळताना जळेल." मी हो म्हटलं आणि काढला नाही.

पाणकणीस म्हणजे ओढ्या-नाल्यात उभं राहतं ते. पात उंच, माणसाच्या डोक्यावर जाते. मधून एक दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला बाजरीसारखं कणीस, पण तपकिरी, मखमलीच्या गुंडाळीसारखं. होळी झाली की ते फुटतं आणि आतून कापूस निघतो. वऱ्हाडात सारा कापूस काट्यावर चढतो, मोजला जातो, त्याच्यावर लग्नं ठरतात. हा एकच असा की त्याला कोणी गिऱ्हाईक नाही.

अकोल्याला होतो तेव्हा आमच्या परसात हा कापूस उडायचा. त्यातला एक चैत्र मला विसरता येत नाही. महाराष्ट्र झाला त्याच्या थोडं आधीची गोष्ट. त्या वर्षी माझ्याशी बोलायला महिन्यातून एकदा एक बाई येत असे. ती तिचे पैसे घ्यायला यायची. तिचं हे येणं चालू राहावं, एवढंच त्या चैत्रात मला हवं होतं; दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

आमचं भाड्याचं घर गल्लीच्या शेवटी होतं, उताराच्या टोकाला. हे वरूडला शाळेत. दिवाळीला यायचे आणि मग उन्हाळ्याच्या सुटीत. मामंजींना अर्धांगवायू झालेला, त्यांची वाचा गेलेली. त्यांना घेऊन वरूडला जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी अकोल्याला. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, भरवायचं, उन्हात खुर्ची सरकवायची. ते माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. पुन्हा संध्याकाळी खुर्ची आत. दिवसभरात माझ्या तोंडून जे शब्द निघायचे ते बहुतेक देवापुढे.

साऱ्या गल्लीचं न्हाण्यांचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी उघड्या नालीतून वाहत यायचं आणि आमच्या परसामागे थांबायचं. पुढे त्याला वाटच नव्हती. तिथे मोठं काळं डबकं झालं होतं. उन्हाळ्यात त्यावर साय यायची. त्याचा वास घरातल्या पिठाला लागायचा, उशीला लागायचा. पण खरं सांगू? मी त्या नालीशी सवयीनं बांधली गेले होते. शिकेकाईचा फेस आला की समजावं, वर कुणाचं तरी न्हाणं झालं. तांदळाचं धुवण दाट आलं की कुणाकडे पाहुणे. एकदा पाणी हळदीनं पिवळं होऊन आलं, तेव्हा मला कळलं की वकिलांच्या मुलीचं लग्न लागलं. आमंत्रण आलं नव्हतं. गल्लीतल्या बायका वाईट नव्हत्या. आमच्या दाराशी उभं राहिलं की पदर नाकाला लावावा लागे, आणि नाकाला पदर लावून गप्पा होत नाहीत.

आदल्या वर्षी उन्हाळ्यात हे आले तेव्हा मी एकदा भीत भीत म्हटलं, "आमच्याकडे वलगावला न्हाणीचं पाणी अळूत आणि कर्दळीत सोडायचे. तिथे कधी वास नसायचा."

यांनी पेपरातून मान वर केली. "पालिका करील म्हणतात नालीचं काहीतरी." मग पेपराची घडी घालत, "पण कर्दळ लावायला काय जातं?"

यांचा असा स्वभाव. एखादी गोष्ट मनात आली की लगेच बाह्या वर. परसामागे लांबट चर खणला, चार खाटा एकापुढे एक मांडाव्या एवढा. नालीचं तोंड त्यात वळवलं. आणि एका विद्यार्थ्याच्या बापाकडून बैलबंडीभर काळी माती आणवली. उत्तम माती, तळव्यावर घेतली तर लोण्यासारखी. ती चुरगळत हे म्हणाले, "ही वऱ्हाडची काळी आहे. हिच्यात काठी खोवली तरी पालवी फुटेल." आम्ही दोघांनी मिळून कर्दळीचे कंद लावले, अळू लावलं. हे खुरप्यानं खळगे करत होते आणि मी कंद ठेवत होते. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण असं दोघांनी एका जागी बसून काही केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

सुटी संपली, हे वरूडला गेले. काळी माती पाणी प्यायली, फुगली आणि मिटली. जसं पेरलेल्या वावरात पाऊस जास्त झाला की होतं तसं. पाणी आत जाईना, वरच तुंबलं. अळू कुजलं. कर्दळीची पानं कडेनं करपत आत आली. पूर्वी एक डबकं होतं, आता लांब झालं एवढाच फरक. पावसानं ते भरलं आणि कुंपणापलीकडे उतरलं.

कुंपणापलीकडे भागाबाईचा मळा होता. मी तिला लांबून ओळखत होते. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि स्वतः बाजारात नेऊन विकायची. नवरा होता पण त्याचा आवाज कधी ऐकला नाही. तिचाच मळाभर ऐकू यायचा. एक दिवस ती कुंपणाशी आली.

"ओ मास्तरीनबाई! बाहेर या जराशा."

मी दाराआड उभी राहिले.

"दाराआडून काय पाह्यता? मी काय दरोडा घालून राहिली? हे पाहा. तुमची सारी घान माह्या विहिरीकडं उतरून राहिली. उद्या मी मेथी धुवू कशात?"

मी म्हटलं, "माती चांगली घातली होती हो. काळी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अशी हसली की तिचा अंबाडा सुटला. "काळी? बाप्पा! अवो, पावसात आमच्या बंड्या फसतात त्या काळीत. तिच्यातून पानी जाते कुठं?" मग हसणं आवरून म्हणाली, "जाऊ द्या. मीबी तेच केलं असतं. आपल्या मानसाले काळीच्या पुढं माती दिसतच नाई."

तेवढ्या बोलण्यानं मी दाराबाहेर आले.

ती आणि मी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून खूप वेळ त्या डबक्याकडे बघत होतो. ती म्हणाली, मोर्णा नदीच्या काठी एका जागी खालच्या वस्तीचं पाणी येते, पण तिथं गोटे आहेत, रेती आहे आणि पाणकणसाचं रान आहे. रानाच्या अलीकडं नाक धरावं लागते आणि पलीकडं म्हशी पितात. ते ऐकून मला आमच्या वलगावचा नाला आठवला. आम्ही पोरी पाणकणसाच्या पल्याड पाय सोडून बसायचो, कारण आई म्हणायची अलीकडचं पाणी घाण आहे. एकच नाला, अलीकडे घाण आणि पलीकडे नाही, हे का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. त्या दिवशी भागाबाईच्या समोर पडला. ती म्हणाली, "मुळायले ठाऊक. आपन काय आत जाऊन पाह्यलं?"

काळी काढून गिट्टी, म्हणजे फोडलेली खडी, भरायची असं तिनंच ठरवलं. गिट्टीला पैसे लागणार. मी खाली मान घातली. यांची मनीऑर्डर यायची, तिच्यात महिना जेमतेम निघायचा, आणि यांना लिहायचं म्हणजे यांनी हौसेनं केलेलं काम वाया गेलं असं लिहायचं.

"मी देतो," भागाबाई म्हणाली. आमच्याकडे बायासुद्धा असंच बोलतात. "वीस रुपयात होते सारं. फुकट नाई देत बरं! महिन्याचा एक रुपया. मनीऑर्डर आली का मी येईन. लाजू नका, मी सावकार नोहे. माह्या विहिरीसाठी देऊन राहिली."

श्रावणात काम झालं. काळी माती तिनं आपल्या मळ्यात नेली. चरात खाली मोठी गिट्टी, वर बारीक, त्यावर रेती. मोर्णेवरून पाणकणसाची मुळं ओल्या पोत्यात घालून आणली. दोन गडी होते, पण लुगडं खोचून ती स्वतः चरात उतरली आणि मला म्हणाली, "या." मी उतरले. पायाखाली गिट्टी टोचत होती आणि गल्लीतल्या ओट्यांवरून बायका बघत होत्या. मामंजींची खुर्ची मी दारात ठेवली होती. ते बघत होते. त्यांना काय वाटलं ते त्यांच्याजवळच राहिलं.

वास एकदम गेला नाही. वाट पाहून मी कंटाळले आणि मग वाट पाहणं विसरले. एक दिवस सकाळी दळायला बसले असताना पिठाला पिठाचाच वास आला. तेव्हा कळलं.

त्या चरातून बाहेर पडणारं पाणी मी कितीदा तरी बघत बसले असेन. एका टोकानं गल्लीची सारी हकिकत आत जायची, फेस, हळद, धुवण, कुणाच्या जळलेल्या दुधाची खरवड, आणि दुसऱ्या टोकानं नुसतं पाणी यायचं. बारीक धार, रंग नाही, गवताचा थोडासा वास. त्यात कुणाचंच काही ओळखू येत नसे. पाणी साचलं की नासतं असं सगळे म्हणतात, मीही म्हणत आले. पण चरातलं पाणी काही धावत नव्हतं. काळीत होतं तेव्हाही हळू होतं, गिट्टीत होतं तेव्हाही हळूच. काळीत त्याला कुणी हात लावत नव्हतं. गिट्टीत ते मुळांना लागत लागत जात होतं. बस, एवढाच फरक असावा. माझ्या चौथीच्या डोक्याला याच्या पुढचं कळत नाही.

आणि महिन्याच्या महिन्याला भागाबाई यायची.

मनीऑर्डरवाला गल्लीत शिरलेला तिला मळ्यातून दिसायचा. त्या दिवशी नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कुंपणाची फांदी बाजूला करून यायची. आधी पैसे मागायची नाही. आधी पाणी. पळसाच्या पानाचा द्रोण करून धार त्यात धरायची, नाकाजवळ न्यायची, उजेडात धरायची. "आज बरं हाय." किंवा, "कोनाकडं तिळाचे लाडू झाले वाटते. पाह्य, तवंग." नालीच्या तोंडाशी तिनं पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, काड्यांची जाळी बसवून दिली होती, त्यात राख आणि खरकटं अडकायचं. ते मी काढलं नसलं तर मला बोलणी बसायची. "मास्तरीनबाई, हे तुमचं काम हाय का माहं? देवाचं निर्माल्य काढता तसं हे रोज काढावं." वाळलेली पात कापायला तिनं मला शिकवलं. कापताना तिच्या मुलीच्या सासरचं सांगायची, बाळापूरच्या बाजारात कोणी वांग्याला भाव पाडून मागितला ते सांगायची, त्या माणसाची नक्कल करायची. मी हसायचे. माझं हसणं मलाच अनोळखी वाटायचं. मामंजी आतून मान वळवायचे.

जायच्या वेळी म्हणायची, "हं, द्या माहा रुपया."

रुपया पदराच्या गाठीत बांधला की ती गेली. मग उरलेला महिना मी तिला सांगायच्या गोष्टी साठवायचे. परसात पाणकोंबडी आली हे साठवलं. काळी, पांढऱ्या छातीची, शेपटी उडवत चालणारी. पातीत तिनं घर केलं. तिचा आवाज मोठा, कर्कश, आणि तो ऐकला की मामंजींच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलायची. हे मी भागाबाईला सांगितलं तेव्हा ती आत दारापर्यंत आली आणि मामंजींना म्हणाली, "काय बाबाजी, पावनी आवडली का?" मामंजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाचा गेल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

मग तो चैत्र आला. कणसं फुटली आणि परसात कापूस उडायला लागला. तुळशीवर, दोरीवरच्या धुण्यावर, मामंजींच्या टोपीवर. मी मनात म्हटलं, आता वास नाही, आता हळदीकुंकू करू. गौर मांडली. कैरीची डाळ केली, पन्हं केलं, हरभरे भिजवले. ओट्याओट्यावर जाऊन बोलावून आले. ते माझ्यासाठी सोपं नव्हतं. गल्लीतल्या दोघीतिघी आल्या. नाकाला पदर नव्हता. मी त्यांना परस दाखवलं. काय काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, गिट्टीचं, मुळांचं.

वकीलीणबाईंनी विचारलं, "यात साप निघत नाहीत का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"डास?"

"बेडूक आहेत," मी म्हटलं, आणि ठरवलेलं सारं विसरले.

त्या ओटी घेऊन दिवेलागणीच्या आत गेल्या. माझ्याशी त्या नीट वागल्या, हसून गेल्या. पण इतक्या वर्षांत आमच्या घरी न येण्याची त्यांच्या पायांना सवय झाली होती आणि आमच्याकडे आल्यावर काय बोलायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. वासामुळे कुणी येत नाही असं मी धरून चालले होते. वास गेला, आणि तरी संध्याकाळ तशीच राहिली. उरलेली डाळ मी एकटीनं खाल्ली. पन्हं सकाळपर्यंत आंबलं.

त्या महिन्यात माझ्याजवळ दोन रुपये साठले होते. भागाबाई आली तेव्हा मी एकच दिला. दुसरा डब्यात ठेवून दिला. अजून बरेच फिटायचे होते, आणि मी मनात हिशेब केला की असे पुढच्या दिवाळीच्याही पुढे जातील. तो हिशेब मला फार बरा वाटला.

आता ते परस कसं आहे मला माहीत नाही. मामंजी गेले, यांची बदली अमरावतीला झाली, आणि इथे नाली बांधीव आहे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं दिसत नाही. शेजारी कुणाचं लग्न झालं तर आता पत्रिका येते. दुपारी वारा पडला की कान आपोआप पाणकोंबडीचा आवाज शोधतात.

पण त्या वर्षीचा वैशाख राहिलाच सांगायचा. त्या दिवाळीला यांना येता आलं नव्हतं, ते आता सुटीवर आले. दारात ट्रंक ठेवली, नाक वर करून वास घेतला आणि तसेच परसात गेले. "अगं, हे काय!" धारेखाली हात धरून उकिडवे बसले, लहान मुलासारखे. पातीतून हात फिरवला. कापूस यांच्या मिशीवर बसला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणाले, "काळी कुठे गेली?" मग गिट्टी कुठून आली, ते विचारलं. मी सगळं सांगितलं, भागाबाईचं, वीस रुपयांचं.

हे रागावले नाहीत. धारेखालचा हात धोतराला पुसला. म्हणाले, "मला का नाही कळवलंस?" मी यांची ट्रंक उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी त्या उन्हात यांनी कोट घातला, टोपी घातली. कुंपणातून चार पावलांवर मळा, पण हे रस्त्यानं वळसा घालून भागाबाईच्या दारी गेले, कारण पैसे द्यायला दारानं जावं असं यांचं म्हणणं. मी पोळ्या लाटत होते. चुलीपुढे बसून मला मळ्यातलं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसता तिचा आवाज चढल्यासारखा वाटला आणि मग थांबला.

हे परत आले, कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. चेहरा मोकळा होता.

"मोठी हट्टी बाई," हे म्हणाले. "घेईचना. म्हणे, गुरुजी, एवढी घाई काहून करता, मी महिन्याच्या महिन्याले जाऊन घेईन ना. मी म्हटलं, छे, तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, तुम्हाला आणखी ताटकळत ठेवायचं नाही. शेवटी हातात कोंबले. तू दिलेले सोडून राहिलेले सगळे. आता एक पैसा देणं नाही कुणाचं."

मी ताटात वरण वाढलं.

"बिचारीला दर महिन्याला इथवर खेटा पडत होता," हे म्हणाले. "आता यायचं कारण नाही."

मी यांना आणखी एक पोळी वाढली.